दर्शनी दरवाजा आणि माजघर : मराठवाड्यातील जुन्या घरांची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारला आणि तो आजही रहदारीच्या गराड्यात ताठ उभा आहे. ज्या नौखंडा महालाकडे त्यातून वाट जाई, तो १६१६ चा. त्यात दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद आणि कचेरी यांच्याबरोबर पाच जनानखाने होते व प्रत्येकाला स्वतंत्र बाग आणि हौद होता. त्या जनानखान्यांचे आज सांगण्याजोगे फारसे काही उरलेले नाही. त्या परिसरात आता मुलींचे महाविद्यालय भरते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. मराठवाड्यात जुनी घरे, चित्रे आणि स्त्रियांचा इतिहास यांचा माग घेत फिरणाऱ्या हौशी अभ्यासकाला हीच स्थिती गावोगाव भेटते : वेस, बुरूज, दिंडी दरवाजा टिकतो आणि जिथे बायकांचे आयुष्य गेले तो आतला भाग आधी जातो.

फार मागे गेल्यास घरे सापडत नाहीत, चित्रे सापडतात. अजिंठ्याच्या सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत पाचव्या शतकातील राजगृहांचे खांब, मंडप, आरशात पाहून शृंगार करणारी राणी आणि तिच्याभोवतीच्या दासी दिसतात. राहत्या घराची नोंद म्हणून मात्र ही चित्रे क्वचितच वाचली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी या चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या पथकाचे नेतृत्व एका इंग्रज चित्रकर्तीकडे होते, हेही सहसा सांगितले जात नाही. सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या आणि पुढे शिऊरला राहिलेल्या संत बहिणाबाईंनी नवऱ्याची मारहाण, संसाराची ओढाताण आणि भक्ती यांविषयी स्वतःच अभंगांतून लिहून ठेवले. घराच्या आतून आलेला इतका स्पष्ट आवाज त्या काळात दुर्मिळ आहे.

बीबी का मकबरा हे घर नाही. तरीही स्त्रीच्या नावाने उभ्या असलेल्या वास्तूची माहिती कशी लिहिली जाते, हे पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये बाळंतपणानंतर महिन्याभरात वारली. तरीही मकबऱ्याच्या बांधकामाचा काळ १६५१ ते १६६१ असा छापला जातो आणि कर्ता म्हणून मुलगा आझमशहा याचे नाव येते. आझमचा जन्म १६५३ चा. म्हणजे आईच्या मृत्यूच्या वेळी तो चार वर्षांचा होता, आणि १६५१ मध्ये तर दिलरस हयात होती व औरंगजेब दख्खनच्या सुभ्यावर दुसऱ्यांदा आलेलाही नव्हता. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने हे काम पतीने पत्नीच्या आठवणीसाठी केल्याचे लिहिले आहे, आणि प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला व हंसपतराय या कारागिरांची नावे आहेत. आझमने पुढे डागडुजी केली असेल. पण ‘मुलाने आईसाठी बांधले’ ही गोष्ट ऐकायला गोड असल्यामुळेच ती टिकली असावी. या सगळ्यात दिलरस स्वतः कोण होती, याला एक ओळही मिळत नाही. दौलताबादेत १६३८ मध्ये जन्मलेली तिची मुलगी जेबुन्निसा कवयित्री झाली, याचा उल्लेखही तिथे कुणी करत नाही.

गढ्या आणि वाड्यांची कहाणी वेगळी आहे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. तो निर्णय न्याय्यच होता; परंतु ज्या उत्पन्नावर या वास्तूंची देखभाल चाले ते त्याबरोबर थांबले. संरक्षित स्मारकांच्या यादीत लेणी, किल्ले, मकबरे आणि देवळे आली, राहती घरे बहुतेक खासगी मालकीची म्हणून बाहेर राहिली. वाटण्या झाल्या, चौकात भिंती उठल्या, सागवानी खांब आणि नक्षीची दारे विकली गेली.

उरलेल्या घरांचे भवितव्य ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ठरले. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दोष माळवदाच्या, म्हणजे दगडी भिंती आणि वर मातीचे सपाट छत असलेल्या, घरांना दिला गेला, आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे तोंड सांधणारे आरपार दगड नव्हते, मधली पोकळी मातीने व खडीने भरलेली होती, आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी वर टाकलेल्या मातीचा थर वाढत वाढत कित्येक ठिकाणी फूट-दोन फुटांचा झाला होता. मात्र लाकडी खांब-तुळयांचे खण जिथे धड होते, तिथे भिंती ढासळूनही छत वर राहिल्याची उदाहरणे पुढच्या पाहण्यांत नोंदली गेली. म्हणजे जुनी बांधणी सरसकट मारक नव्हती. तिच्यातली भिंत घातक होती आणि लाकडी सांगाडा उपकारक होता.

बावन्न गावे नव्या जागी हलवण्याचा निर्णय घेण्यात आला. त्यावर आजही दुमत आहे. भेदरलेल्या लोकांनी जुन्या दगडांत परत जायला नकार दिला होता, हे विसरता येत नाही. परंतु जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे सरळ रेषेत आखताना ढेलज (दारालगतची देवडी), ओसरी, माजघर आणि परसदार यांचा क्रम पुसला गेला, आणि तो क्रम मुख्यतः बायकांच्या दिवसाचा होता. भिंतीतल्या देवळ्या, धान्याचे बळद, बाळंतिणीची अंधारी खोली, कुरडया-पापड वाळवायचे माळवद यांपैकी कशालाही नव्या नकाशात जागा नव्हती. पुढे अनेक घरांमागे पत्र्याची शेड उभी राहिली आणि चूल तिथे गेली. नकाशातली उणीव बायकांनी अशी आपल्या हाताने भरून काढली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हलवण्याऐवजी दुरुस्ती व मजबुतीकरण करायच्या गावांत चित्र निराळे होते. तिथे गावातल्या महिलांनाच संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. आरपार दगड कुठे बसवायचे, माळवदावरची माती किती उतरवायची, अनुदानाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे अभियंता आणि घरमालक यांच्यामध्ये उभे राहून त्यांनी समजावले. मराठवाड्याच्या वास्तू-इतिहासात बायका बांधकामाच्या बाजूने इतक्या मोठ्या संख्येने दिसतात असा हा प्रसंग विरळाच, आणि पुनर्वसनाच्या चर्चेत त्याला मिळणारी जागा मात्र तुटपुंजी आहे.

त्यामुळे उभ्या असलेल्या वाड्याची नोंद करताना दरवाजाची कमान आणि खांबांची नक्षी टिपून भागत नाही. कोणत्या दाराने बायका ये-जा करत, जाते कुठल्या कोपऱ्यात होते, बळदाची किल्ली कुणाच्या कमरेला असे, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या अजून काही घरांत आहेत. मोजमापांच्या आधी त्यांच्याशी बोलून घेणे सोयीचे पडते.