इम्युलेटर प्रोजेक्टमधल्या ब्रँच सांभाळणं

इम्युलेटर म्हणजे जुन्या गेम कन्सोलचं नाहीतर कॉम्प्युटरचं हार्डवेअर सॉफ्टवेअरनं चालवून दाखवणारा प्रोग्राम. तो ओपन सोर्स असला अन् विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळीकडं चालवायचा म्हणलं की एकाच कोडवर लई जणांचे हात पडतात. कोणी लातूरला हॉस्टेलवर बसून लिनक्सचा आवाज नीट करायलंय, कोणी नांदेडला नुसतं अँड्रॉइडचं टच कंट्रोल बघायलंय, आणि एकाच्या कामानं दुसऱ्याचं मोडू नये म्हणून ब्रँच काढायच्या, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या चालणाऱ्या फांद्या. आता हे बहुतेक कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या टूलवरच चालतं, जे लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलं.

नवीन माणूस हमखास प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी ब्रँच काढतो. सोपं वाटतं, पण टिकत नाही, कारण सीपीयू, ग्राफिक्स, आवाज हा गाभा सगळीकडं एकच असतो, त्यात सारख्या दुरुस्त्या होतात अन् त्या दरवेळी चार ठिकाणी नेऊन टाकायला वेळ कोणाला आहे. जायकवाडीच्या कालव्यात गेलेलं पाणी काही परत नाथसागरात येत नाही, वर्षभर वेगळी पडलेली ब्रँचही तशीच. म्हणून प्लॅटफॉर्मचा फरक फोल्डरमध्ये ठेवायचा. पीएसपी या सोनीच्या हातातल्या गेम कन्सोलचा इम्युलेटर पीपीएसएसपीपी बघा, रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) कोअर अन् जीपीयू सामायिक, आणि विंडोज, अँड्रॉइड, आयओएसचे फोल्डर वेगळे.

ब्रँच काढायची ती कामासाठी नाहीतर रिलीजसाठी. क्यूईएमयू या कॉम्प्युटरच्या इम्युलेटरमध्ये रिलीजच्या आधी सॉफ्ट फ्रीझ, मग हार्ड फ्रीझ लागतो, तेव्हा नवीन फीचर घेत नाहीत, फक्त बग काढतात. पुढं स्टेबल ब्रँचमध्ये मास्टरवरच्या (मुख्य ब्रँचवरच्या) निवडक दुरुस्त्याच जातात.

खरी गोची सेव्ह स्टेटची, म्हणजे चालू गेम आहे त्या जागी साठवून ठेवणाऱ्या फाइलची. फाइलचा साचा बदलला की कोडमधला व्हर्जन नंबर वाढवायचा असतो. समजा दोन ब्रँचमध्ये दोघांनी तो ४१ चा ४२ केला, तर दोन्हीकडं बदल सारखाच म्हणून ब्रँच एकत्र करताना (मर्ज) गिटला त्या ओळीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, दिसतच नाही, मर्ज गुपचूप होतं, अन् मग ४२ नंबरच्याच पण वेगवेगळ्या साच्याच्या फाइली लोकांच्या फोनात पडून राहतात आणि गेम लोड करताना इम्युलेटर क्रॅश. हे कोणतंच टूल आपणहून सांगत नाही, मर्ज करणाऱ्यानंच बघायचं.

नावांचंही एक लफडं आहे. लिनक्सवर फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या दोन ब्रँच चालतात, पण विंडोज अन् मॅकच्या फाइल सिस्टिमला सहसा तो फरक कळत नाही, तिथं त्या एकमेकींवर चढतात. सगळी नावं लहान अक्षरात ठेवली की मिटलं.

एखादा गेम अचानक बिघडला तर गिट बायसेक्ट कामाला येतं, ते दरवेळी मधला कमिट (नोंदवलेला बदल) तपासायला देऊन शोध अर्ध्यावर आणतं, म्हणून १००० कमिटमधून दहाएक चाचण्यांत दोषी कमिट सापडतं. अट एकच, मधलं प्रत्येक कमिट बिल्ड झालं पाहिजे, म्हणून अर्धवट कमिट मर्जच्या आधी एकत्र करून घ्यायचे. मोबाइल डेटा वाचवायला बरेच जण डेप्थ १ चा क्लोन, म्हणजे फक्त शेवटच्या कमिटपुरती रेपोची प्रत, घेतात, पण त्यात मागचा इतिहासच नसतो, मग बायसेक्ट कशावर करणार. त्यापेक्षा ब्लॉबलेस क्लोन बरा, कमिटचा इतिहास सगळा येतो अन् जुन्या फाइली लागतील तशा उतरतात, फक्त बायसेक्ट चालू असताना नेट पाहिजे.