सायबर सुरक्षेची माणसं शॉप फ्लोअरवरच मिळतील

१ मार्च २०२२ रोजी टोयोटानं जपानमधले आपले सगळे १४ कारखाने दिवसभर बंद ठेवले. हल्ला टोयोटावर झालाच नव्हता. सुटे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीजचे सर्व्हर रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं, ठप्प झाले होते. हल्लेखोर घुसले ते कोजिमाच्या एका उपकंपनीतून. सुमारे १३,००० गाड्यांचं उत्पादन रखडलं.

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा हत्तरगीत कास्टिंग, हायड्रॉलिक सिलिंडर, विमानाचे भाग बनवणाऱ्यांनी ही गोष्ट आपलीच समजावी. बड्या कंपनीचा बंदोबस्त कडक असतो, म्हणून चोर तिच्या व्हेंडरचं दार चाचपतो.

ते दार कसं उघडं राहतं? जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या) मशीनशेजारच्या पीसीवर विंडोज ७ असतं. त्याचे मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून येतो, आणि तोच पेन ड्राइव्ह ऑफिसात हिशेबाच्या कॉम्प्युटरलाही लागतो. सर्व्हिस इंजिनिअरसाठी चालू केलेला रिमोट ॲक्सेस (दुरून मशीनमध्ये शिरायची वाट) काम संपल्यावर कुणी बंद करत नाही. आता समजा, कुणी टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापासाठी मशीनमध्ये घातलेला आकडा, ०.०५ मिलिमीटरनं बदलला. अँटिव्हायरसला त्यात वावगं काही दिसणार नाही, मशीनही अलार्म देईलच असं नाही. पण सकाळी स्वतः ऑफसेट घातलेल्या सेटरला, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याला, आकडा खटकेल.

म्हणून मला ठामपणे वाटतं, सुरक्षेसाठी पहिली निवड या सेटरची आणि मेंटेनन्सवाल्या पोरांची व्हावी. मशीनची नाडी त्यांना कळते. नेटवर्क त्यांना शिकवता येईल: मशीनचं जाळं ऑफिसपासून वेगळं ठेवणं, लॉग (कॉम्प्युटरनं ठेवलेल्या नोंदी) वाचणं, बॅकअप घेणं आणि तो खरंच परत चढतो का हे बघणं. अकाउंट्समधल्या ताईंनाही यात घ्यायलाच हवं. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला, की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हे काम त्यांचंच.

१९९८ पासून बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, आयटीआय आहेत. हे शिक्षण मराठी आणि कन्नडमधून, चालू मशीनपुढे उभं राहून द्यावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. वीस माणसांच्या युनिटला त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ परवडणार नाही, पण शेजारच्या दहा-बारा युनिटांनी मिळून एक नेमता येईल. त्यानं आधी प्रत्येक शेडमध्ये फिरून एक यादी करावी: कुठलं मशीन कशाला जोडलंय आणि पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे.