नव्या मदरबोर्डाला काय आठवत नाही

जूनमधल्या एका रात्री कोल्हापुरात भाचीच्या घराजवळ वीज पडली आणि ब्रॉडबँडच्या केबलमधून आलेल्या झटक्याने तिच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती पाटी, गेला. प्रोसेसर, रॅम (काम चालू असताना वापरायची तात्पुरती स्मृती), एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) शाबूत. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि चार महिन्यांची ड्रॉइंग्ज त्या एसएसडीवर होती. तिने नवा बोर्ड मागवला, व्हिडिओ बघून स्वतः बसवला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण डिस्प्ले येईना. अर्ध्या मिनिटाने तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. असं तीनदा. मग कुणी सांगितलं म्हणून बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत घातला. दुकानातल्या माणसाने फोनवरच निकाल दिला: बोर्ड डेड आलाय, नाहीतर फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल.

रात्री मला फोन आला. "मामा, डीरॅम लिहिलंय तिथला पिवळा दिवा लागलाय रे, जातच नाही."

"लागू दे. दहा मिनिटं कशालाही हात लावू नकोस."

डीरॅम म्हणजे रॅमच, तिच्या तयारीचा तो दिवा. सहाव्या मिनिटाला पडदा उजळला. त्या सहा मिनिटांत आत काय चाललं होतं, ते मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण घरच्या कॉम्प्युटरमध्ये इतकं सुंदर काम दुसरं क्वचितच होत असेल.

तिचा कॉम्प्युटर एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या एएम५ पिढीचा, म्हणजे २०२२ नंतरचा. त्यात डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम आहे. ६००० वेगाची रॅम म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. एक बिट तारेवर टिकतो एका नॅनोसेकंदाचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा) सहावा भाग. प्रकाश पोकळीत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत विद्युत संकेत साधारण त्याच्या निम्म्या वेगाने, १५ सेंटिमीटर. म्हणजे एक बिट संपून दुसरा सुरू होईपर्यंत संकेत जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकलेला असतो. प्रोसेसरपासून रॅमच्या खाचेपर्यंतचं अंतर त्याहून जास्त, त्यामुळे एकाच तारेवर एकामागोमाग एक बिट वाटेतच असतात. एक तार दुसरीपेक्षा काही मिलिमीटर लांब असली तरी तिचा बिट उशिरा पोचतो. म्हणून तर बोर्ड बनवणारे जवळच्या तारेला मुद्दाम नागमोडी वळणं देतात. कधी कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या पट्ट्यात टॉर्च मारून पाहा, काही बोर्डांवर ती वळणं डोळ्यांना दिसतात.

एवढं करूनही उरतो तो फरक प्रत्येक बोर्डाचा वेगळा. म्हणून चालू झाल्यावर कॉम्प्युटर आधी आपल्या तारा स्वतः जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅममध्ये एक ठरलेला नमुना लिहायचा, वाचून पाहायचा. चुकला तर वाचण्याचा क्षण काही पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचे हजारावे भाग) पुढे सरकवायचा, पुन्हा वाचायचं. असं सरकवत जाताना एका टप्प्यावर उत्तर बरोबर यायला लागतं, पुढे पुन्हा चुकायला लागतं. त्या दोन टोकांच्या बरोबर मधला क्षण धरायचा. मग हेच व्होल्टेजसाठी: किती व्होल्टच्या वर १ मानायचा आणि खाली ०, तेही वरखाली करून पाहायचं. वेळ आडव्या अक्षावर आणि व्होल्टेज उभ्या अक्षावर मांडलं की जिथे उत्तर बरोबर येतं तो भाग उघड्या डोळ्यासारखा दिसतो, आणि अभियंते त्याला डोळाच म्हणतात. बुबुळाच्या जागी नेम धरायचा.

हे वाचण्यासाठी वेगळं, लिहिण्यासाठी वेगळं. शिवाय क्लॉकची, म्हणजे सगळ्यांना ताल देणारी, तार रॅमच्या पट्टीवर एका चिपकडून पुढच्या चिपकडे जाते, त्यामुळे टोकाच्या चिपला ठोका उशिरा पोचतो; प्रत्येक चिपचा उशीर स्वतंत्र मोजावा लागतो. आणि हे मोजणारा प्रोग्रॅम चालतो कुठे? रॅम तर अजून वापरता येत नाही. इंटेलच्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या आतली कॅश, म्हणजे त्याची छोटी वेगवान स्मृतीच, तेवढ्यापुरती रॅम म्हणून वापरतात. एएमडीच्या आताच्या प्रोसेसरमध्ये एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. तो आधी जागा होतो, रॅम जुळवतो आणि मगच मोठ्या भावांना उठवतो.

बैठकीआधी तंबोरा लावतात तसं हे आहे. तारा जुळेपर्यंत गाणं नाही, आणि बाहेर बसलेल्याला वाटतं अजून काहीच सुरू नाही.

जुळवणीचे आकडे बोर्डावरच्या एका आठ पायांच्या, नखाएवढ्या फ्लॅश चिपमध्ये लिहून ठेवले जातात. पुढच्या वेळी तेच उचलायचे, म्हणून रोज मशीन पटकन चालू होतं. नव्या बोर्डाकडे ते नसतात; त्याला नसलेली ही पहिली आठवण. भाचीने दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून जुळवणी अर्ध्यावर तोडली. सेल काढल्याने बहुतेक बोर्ड सेटिंग्ज पुसून जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करतात, म्हणजे तिने वाट पाहणं आणखी लांबवलं. सेल काढणं हा एक तोडगा होऊन बसलाय: नजर उतरवावी तसा कुठल्याही दुखण्यावर करतात, आणि नंतर मशीन चालू झालं की श्रेय त्याला. फॉरमॅटचंही तेच. एसएसडीला या प्रकारात काहीही झालेलं नसतं. डिस्प्ले येत नाही म्हणून फॉरमॅट करा, हा सल्ला लोकांचं वर्षावर्षांचं काम बुडवतो, आणि तो ऐकला की मला खरंच राग येतो.

पडदा उजळल्यावर दुसरी आठवण लागते: विंडोज कुठे आहे. तो पत्ताही जुन्या बोर्डाच्या चिपमध्ये होता. पण नव्या बोर्डाला पत्ता माहीत नसला तर त्याने डिस्कवरच्या एका ठरावीक फोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधावी असा नियम आहे, आणि विंडोज तिथे आपल्या सुरुवातीच्या फाइलची प्रत ठेवून देतं. म्हणून बहुधा निभावतं. फार जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं असेल किंवा बोर्डात स्टोरेजचा मोड बदललेला असेल तर अडतं. तिथेही उपाय सेटिंगमध्ये असतो.

भाची अडली ती तिसऱ्या आठवणीपाशी. निळा पडदा, आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितलेली. डिस्क कुलूपबंद होती हे तिला ठाऊकही नव्हतं. २०२४ पासून नव्याने टाकलेलं विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने उघडलं की हे कुलूप बहुधा आपोआप लागतं. त्याची किल्ली टीपीएम, म्हणजे गुपितं जपणारा कॉम्प्युटरमधला भाग, सांभाळतं. तिच्या मशीनमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या आत आहे, पण त्याचा मजकूर बोर्डावरच्या त्या आठ पायांच्या चिपमध्ये राहतो. बोर्ड गेला, किल्ली गेली. उरते रिकव्हरी की. तिची सुदैवाने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होती, मोबाइलवरून मिळाली. तुमची कुठे आहे ते आजच पाहून कागदावर उतरवून ठेवा. ती कुठेच नसेल तर दुकानदार काय, कुणीच ती डिस्क उघडू शकत नाही.

त्या ४८ आकड्यांचे सहा-सहाचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. शाळेतली कसोटी लावायची: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा; त्या सारख्या आल्या किंवा त्यांच्यातला फरक ११ च्या पटीत आला की भाग जातो. समजा गट ४७३२३१. ४, ३, ३ मिळून १०. ७, २, १ मिळूनही १०. जमलं. एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगवेगळे आकडे उलटे पडले, की भाग जात नाही आणि तो गट तिथेच पकडला जातो.

भाचीचा पाचवा गट असाच अडला. तिने फोनवर मला आकडे वाचून दाखवले, मी इकडे बेरजा केल्या, ८ चा ३ झाला होता. तो सुधारला आणि तिची ड्रॉइंग्ज जिथल्या तिथे उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण दाबून वेळ मोजली: १९ सेकंद.