रेड (डिस्क-संच)

रेड : अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधून सर्व्हरला त्या एकच मोठी डिस्क म्हणून दाखवण्याची, आणि त्यांतली एखादी निकामी झाली तरी काम चालू ठेवण्याची पद्धत. ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ (एखादी गेली तरी भागेल अशी जादा सोय असलेला स्वस्त डिस्कचा संच) या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन हा शब्द तयार झाला. पुढे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे स्वस्त, याऐवजी ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, असे रूप उद्योगात रूढ झाले.

मूळ नावातला ‘स्वस्त’ हा शब्द मात्र महत्त्वाचा होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना निबंधरूपाने मांडली. त्या वेळी मेनफ्रेमला, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकाला, ७,५०० मेगाबाइटची महागडी आयबीएम ३३८० डिस्क लागे, तर वैयक्तिक संगणकासाठी १०० मेगाबाइटच्या छोट्या डिस्क मिळत. छोट्या डिस्क एकत्र आणल्या तर वेग वाढतो. पण एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत, कोणती तरी एक डिस्क जाणारच. हा हिशेब त्यांनी लपवला नाही. त्यावरचा उपाय हाच निबंधाचा गाभा होता.

त्या उपायाची सर्वांत सुंदर बाजू म्हणजे पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा नोंद. समजा, पहिल्या डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० आहे. प्रत्येक स्थानचे अंक जुळले तर ०, वेगळे असले तर १ लिहायचा. तिसऱ्या डिस्कवर ११०१ येते. आता दुसरी डिस्क गेली, तर पहिली आणि तिसरी यांच्यावर हीच क्रिया पुन्हा करायची : ०११० जसेच्या तसे परत मिळते. डिस्क कितीही असल्या, तरी एका डिस्कइतक्या जादा जागेत कोणत्याही एका डिस्कचे नुकसान भरून निघते.

संचाचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात. रेड १ मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते. रेड ५ मध्ये पॅरिटी सर्व डिस्कवर वाटलेली असते. मात्र छोटासा बदल करायचा तरी जुना डेटा व जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात, म्हणजे एका कामाची चार कामे होतात. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतो. रेड ० मध्ये नुसता वेग असतो, संरक्षण काहीच नसते. त्याला रेड म्हणणे खरे तर चुकीचेच.

डिस्क उडाली की संच ‘डिग्रेडेड’ होतो, म्हणजे चालतो पण आधाराविना. तयार ठेवलेली ‘हॉट स्पेअर’ डिस्क तिची जागा घेते आणि ‘रिबिल्ड’, म्हणजे गेलेला डेटा तिच्यावर पुन्हा उभारण्याचे काम, सुरू होतो. खरा धोका याच काळात असतो. १० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने अखंड लिहिली, तरी सुमारे १४ तास लागतात; चालू सर्व्हरवर त्याहून जास्त. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. म्हणून मोठ्या डिस्कसाठी रेड ५ निवडू नये, रेड ६ घ्यावा. वरचेवर वापरात न येणारे भागही ठरावीक काळाने वाचून तपासावेत; या तपासणीला ‘स्क्रबिंग’ म्हणतात.

रेड म्हणजे बॅकअप, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. चुकून पुसलेली फाइल रेड १ च्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेला डेटाही दोन्हीकडे तसाच उमटतो. आग किंवा पुराचे पाणी तर सगळा संच एकदमच नेते. त्यासाठी वेगळ्या जागी, वेगळ्या तारखेची प्रत लागते.