एंडोस्कोपीत तुकडा काढला, म्हणजे कर्करोगच?
‘एंडोस्कोपीत तपासणीसाठी तुकडा काढला, म्हणजे कर्करोगाचाच संशय आहे’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. ही भीती समजण्यासारखी आहे, कारण कर्करोगाचे निदान बहुतेक वेळा बायोप्सीनेच, म्हणजे असा तुकडा काढून तपासल्यावरच, पक्के होते. मात्र प्रत्येक बायोप्सी कर्करोगासाठी नसते. एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून केवळ पचनमार्गाच्या आतील अस्तराचा पृष्ठभाग दिसतो. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्यात दिसत नाही, आणि ग्लूटेन या गव्हासारख्या धान्यांतील प्रथिनामुळे बळावणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात लहान आतड्याचे अस्तर वरून निरोगी भासू शकते; शिवाय हा दोष सर्वत्र सारखा पसरलेला नसल्याने प्रौढांमध्ये तेथून किमान 4 नमुने घेण्याची शिफारस केली जाते, म्हणजे नमुन्यांची संख्याही धोक्याची खूण नव्हे. पडताळणीसाठी नमुना कोठून आणि कशासाठी घेतला, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे व पॅथॉलॉजीच्या अहवालातील निष्कर्ष त्यांच्याकडूनच समजून घ्यावा.