समांतर रेषा : समीकरणावरून ओळख

एकाच प्रतलातल्या, दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी न छेदणाऱ्या रेषा म्हणजे समांतर रेषा. निर्देशक भूमितीत त्या ओळखायला आलेख काढावा लागत नाही. दोन्ही रेषांचा चढ (रेषा किती तिरकी आहे याचे माप) समान हवा आणि रेषा दोन हव्यात, एकच नव्हे. परीक्षेत विसरली जाते ती ही दुसरी अट.

चढ काढण्यासाठी समीकरण य = म·क्ष + क या रूपात आणतात. यात म हा चढ आणि रेषा य-अक्षाला छेदते तिथला य-निर्देशक क. (क्ष आणि य ही जुन्या मराठी पुस्तकांतली चले. सहगुणक अ असला की 'अक्ष' वाचले जाते, म्हणून मध्ये टिंब.) २क्ष + ३य = १२ घ्या. २क्ष उजवीकडे नेल्यावर ३य = −२क्ष + १२, आणि प्रत्येक पदाला ३ ने भागल्यावर य = −(२/३)क्ष + ४. त्याच रीतीने ४क्ष + ६य = ५ चे य = −(२/३)क्ष + ५/६ होते. चढ एकच, क वेगळे, म्हणून रेषा समांतर. पण दुसरे समीकरण ४क्ष + ६य = २४ असते तर ते पहिल्याचीच दुप्पट आहे; तिथे समांतर नव्हे, संपाती (एकमेकींवर तंतोतंत बसणाऱ्या) म्हणावे लागते.

चुका बहुतेक या मांडणीतच होतात. बाजू बदलताना चिन्ह तसेच राहते, किंवा ३ ने फक्त क्षचे पद भागले जाते. ५य = १० − ४क्ष मध्ये आधी दिसणारा १० चढ समजला जातो; खरा चढ −४/५. २क्ष + य = ५ आणि २क्ष + ३य = ५ यांत क्षचा सहगुणक सारखा दिसतो, तरी चढ −२ आणि −२/३ आहेत आणि दोन्ही रेषा (५/२, ०) मध्ये छेदतात.

क्ष = ३ आणि क्ष = −५ अशा उभ्या रेषांत य नसतोच, त्यामुळे चढ काढता येत नाही; तरी त्या समांतर आहेत. म्हणून अ·क्ष + ब·य = ड या रूपात ठेवून तिरकस गुणाकार करणे जास्त भरवशाचे: अ१ब२ = अ२ब१ आले की दिशा एक. वरच्या पहिल्या जोडीत २ × ६ = ४ × ३. दहावीतल्या क्रेमरच्या पद्धतीत छेदातला निश्चयक (अ१ब२ − अ२ब१) ० येतो, तो याच कारणाने. अपूर्णांक टळतात हा आणखी फायदा. १/३ ऐवजी ०.३३ लिहिले की समांतर जोडीही हातची जाते.

डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे. य = ०.५०क्ष + १ आणि य = ०.५१क्ष या रेषा आलेख कागदाच्या तुकड्यावर समांतर भासतात, पण (१००, ५१) ला भेटतात. मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वेचे मार्ग परळ-प्रभादेवीपासून दादरपर्यंत कडेकडेने जातात. नकाशाचा तेवढाच तुकडा पाहणाऱ्याला ते समांतर वाटतील; पुढे एक शीव-कुर्ल्याकडे जातो, दुसरा माहीम-वांद्र्याकडे.

समांतर रेषांतले लंब अंतर म्हणजे दोन क मधला फरक नव्हे. लोकलच्या रुळांच्या आतल्या कडांत १,६७६ मिमी अंतर असते. सरळ मार्गावरच्या या दोन कडा ३/४ चढाच्या रेषा म्हणून मांडल्या, तर य-अक्षावर त्यांच्यात २,०९५ मिमी फरक पडतो, कारण लंब अंतराला √(१ + म²), म्हणजे इथे ५/४ ने गुणावे लागते. वळणावरही रूळ समान अंतर राखतात, पण त्या रेषा नसून वक्र आहेत. तिथे दोन्हींचे चढ जागोजागी बदलतात आणि ही कसोटी लागू होत नाही.