स्पॅम फिल्टरची निवड

मेल सर्व्हरवर येणाऱ्या मेलमधून नको असलेल्या जाहिराती, फसवे निरोप आणि घातक जोडपत्रे वेगळी काढणारी यंत्रणा म्हणजे स्पॅम फिल्टर. तो निवडताना किती स्पॅम अडला, यापेक्षा कामाची मेल किती अडली हे आधी पाहावे. बुटीबोरीच्या कारखान्याला आलेली खरेदी ऑर्डर, किंवा नागपूर खंडपीठात उद्या उभे राहणाऱ्या वकिलाला पक्षकाराने पाठवलेली कागदपत्रे जंकमध्ये पडून राहिली, तर ते नुकसान इनबॉक्समध्ये शिरलेल्या दहा जाहिरातींपेक्षा कितीतरी मोठे असते.

पहिली चाळणी मेल आत येण्याआधीच लागते. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आहे का, हे सर्व्हर डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेतून, विचारतो. लहान कार्यालये इथेच फसतात. गूगलच्या 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसमधून उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारणा केली, तर स्पॅमहाउसची मोफत सेवा ती नाकारते आणि त्रुटीचा कोड परत पाठवते. फिल्टरने तो कोड ‘यादीत आहे’ असा वाचला, की चांगली मेलही अडते. त्यामुळे सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर हवाच. ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी सर्व्हरला तात्पुरता नकार दिला जातो. नियमाने चालणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे बरेच प्रोग्राम येत नाहीत; मात्र ओटीपीची मेल यात हमखास उशिरा पोचते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्या डोमेनची ओळख तपासणाऱ्या पद्धतींमुळे मेल खरोखर त्या डोमेनची आहे का, एवढेच कळते. पाठवणाऱ्याचा हेतू कळत नाही.

स्वतःच्या सर्व्हरसाठी दोन मुक्त (ओपन सोर्स) पर्याय प्रमुख आहेत. 2001 मध्ये आलेला स्पॅमअसॅसिन पर्ल भाषेत लिहिलेला असून प्रत्येक मेलला गुण देतो. मूळ मांडणीत, म्हणजे काही बदल केला नाही तर, 5 गुणांना मेल स्पॅम ठरते. आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेला, बराच वेगवान आहे. ग्रेलिस्टिंग आणि बाहेर जाणाऱ्या मेलवरची डीकेआयएम सही त्यातच मिळते. नव्या सर्व्हरसाठी तोच घ्यावा. व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही वेगळा जोडावा लागतो.

भाषेचा प्रश्न नागपुरात विशेष जाणवतो. एकाच इनबॉक्समध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी आणि रोमन लिपीतली मराठी येते. शब्दांवरून शक्यता मोजणाऱ्या बेझियन पद्धतीला ही सरमिसळ आपल्याच मेलमधून शिकवावी लागते. स्पॅमअसॅसिनमध्ये ही पद्धत मूळ मांडणीनुसार 200 स्पॅम आणि 200 चांगल्या मेल शिकल्यावरच गुण देऊ लागते. चांगल्या मेल शिकवण्याचा अनेकांना कंटाळा येतो, आणि मग देवनागरी मेलबाबतचा अंदाज कच्चा राहतो.

सुरुवातीचे काही आठवडे काहीही नाकारू नये. फक्त खूण करून जंकमध्ये टाकावे आणि तो फोल्डर रोज चाळावा. नंतर फार जास्त गुणांची मेल एसएमटीपीच्या टप्प्यावरच, म्हणजे दुसरा सर्व्हर ती सोपवत असतानाच, 550 हा नकाराचा कोड देऊन नाकारावी, म्हणजे चुकून अडलेल्या माणसाला आपली मेल पोचली नाही हे कळते आणि तो फोन तरी करतो.